निरंक

गरिबी आणि मारामारी यांचा संबंध शोधायला मी कोल्हारला गेले आणि उतरले मामाच्या बंगल्यात. संशोधन करणाऱ्याने एवढा मूर्खपणा करू नये. पण गावात येऊन भाची दुसरीकडे राहिली असती, तर मामी जन्मात बोलली नसती. निष्कर्ष तसाही माझ्या मार्गदर्शक सरांनी सावेडीतल्या फ्लॅटमध्ये बसून आधीच काढून ठेवला होता: गरिबी तिथं हिंसा. मी फक्त फॉर्म भरून आणायचे होते.

पहिला फॉर्म मामाचाच भरला. जमीन बागायती, घर स्लॅबचं, वाहनं तीन. ‘गेल्या वर्षभरात कुणाला मारहाण केली का?’ या प्रश्नापुढं मी न विचारताच ‘निरंक’ लिहिलं. मामाला असं विचारतात का? तो समोर बसून मामीला आग्रहानं माझ्या ताटात दुसरी पुरणपोळी वाढायला लावत होता.

दुसऱ्या दिवशी मामाच्या जीपमधून, मामाच्या ड्रायव्हरसोबत, मामाच्याच रानात ऊस तोडायला पाथर्डीकडून आलेल्या टोळीच्या पाचटाच्या कोप्यांवर गेले. तिथं मात्र तोच प्रश्न खणखणीत आवाजात विचारला. एका कोपीत बाईचा हात प्लॅस्टरमध्ये होता. “मोळी घिऊन पडले,” ती ड्रायव्हरकडं बघत म्हणाली. तिच्या नवऱ्यावर पोलिसात गुन्हा होता, मालकाची गचांडी धरल्याचा. मला आनंद झाला, हे कबूल करते. सरांना हवा तसा फॉर्म मिळाला होता.

ड्रायव्हर फोन घ्यायला बाजूला गेला, तशी ती झटकन म्हणाली, “ताई, पडले न्हाई. अंगात ताप हुता, वाईच बसले, तर मालकानं दांडक्यानं हाणलं. म्हून ह्यांनी गचांडी धरली. ह्यांचं लिवलं, तसं माझ्या हाताचंबी लिवा.”

मालक म्हणजे माझा मामा. मी “लिहिते” म्हणाले.

सरांना सगळं सांगितलं. ते चहा ढवळत म्हणाले, “पोलिसात नोंद आहे? नाही ना? मग तो किस्सा झाला, डेटा नव्हे.” चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याला आमच्यात डेटा म्हणतात, हे मला त्या दिवशी समजलं. सरांचा संताप आला, पण आतून सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्या सुटण्याची मला आजही किळस येते. मामाचा फॉर्म बदलावा लागला नाही.

डॉक्टरेट मिळाली तेव्हा मामानं अंगणात सत्कार ठेवला. शाल, नारळ, फ्लेक्सवर माझा हसरा फोटो. उसाचा हंगाम चालू होता, म्हणून भांडी घासायला कोप्यांवरच्या बाया बोलावल्या होत्या. त्यांत ती होती. हात वाकडाच जुळला होता.

“ताई, माझ्या हाताचं लिवलं ना?”

मामा चार पावलांवर उभा होता. मी होकारार्थी मान हलवली. तिनं पदराला हात पुसले आणि “दावा” म्हणाली. मी हातातला प्रबंध उघडून सापडलं ते पान पुढं धरलं. तिला वाचता येत नव्हतं. वाकड्या हातानं तिनं ते पान जवळ ओढलं आणि त्यावर कपाळ टेकवलं.

गुन्हा नोंद झालेल्यांचा तक्ता होता तो. तिचा नवरा तिसऱ्या ओळीत होता.