युरोपची वही

कोणत्याही खुर्चीवर बसण्याआधी आमच्या साइटवरचे काका ती दोन्ही हातांनी हलवून बघत. माझ्या साइट ऑफिसातली खुर्ची लोखंडी होती, नवी होती, तरी दर वेळी तिची परीक्षा व्हायची. मग ते टेकत आणि म्हणत, "ताई, आधी हलवून बघायचं. विश्वास नंतर."

धंदा हातात उतरलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. बोलता बोलता समोरच्याच्या खांद्याचं माप घेणारा शिंपी असतो, तसे हे. ह्यांचा धंदा परांचीचा. दुबईत त्याला सगळे स्कॅफोल्डिंग म्हणतात. इमारत चढत असताना बाहेरून नळ्यांचा जो पिंजरा बांधतात, तो माणसाचं वजन पेलतो की नाही हे रोज सकाळी बघायचं. पेलत असेल तर हिरवी पाटी, नसेल तर लाल. त्यांनी हलवल्याशिवाय हिरवी पाटी लागत नसे, आणि हिरवी पाटी नसेल तर एक माणूस वर चढत नसे. इंजिनिअर घड्याळ दाखवून "यल्ला, यल्ला" करायचे. हे आपले नळी धरून उभे.

मी त्याच कंपनीत याद्या करायचे. हजेरी, व्हिसा, तिकिटं, रजा. याद्या करणं मला मनापासून आवडतं, आणि रिकामा रकाना मला सहन होत नाही. घरी शारजाला, अल नहदाच्या फ्लॅटमध्ये, फ्रीजवरही माझी यादी असायची. मुलगी ती वाचून म्हणायची, "मम्मी, यू आर इम्पॉसिबल."

तर एका सकाळी हे काका ऑफिसात आले, खुर्ची हलवली, बसले आणि म्हणाले, "आमचे काल जिंकले."

मला वाटलं, गावची ग्रामपंचायत. ते गुहागरकडचे. मी म्हटलं, "वा! किती मतांनी?"

"दोन-एक. बाहेरच्या मैदानात."

त्यांचे 'आमचे' म्हणजे स्पेनमधला एक फुटबॉल क्लब होता. क्लबचं नाव त्यांनी माझ्यासमोर क्वचितच घेतलं, म्हणून मीही इथे घेत नाही. आपल्या माणसांना कोण नावाने हाक मारतं?

हे नातं जमलं ते आधीच्या एका साइटवर. एक स्पॅनिश इंजिनिअर लाल पाटी न बघता वर चढायला निघाला. ह्यांनी त्याची कॉलर धरून मागे ओढलं आणि ती फळी पायाने नुसती दाबून दाखवली. फळी खाली गेली. इंजिनिअर घाबरला, मग हसला, आणि मायदेशी परत जाताना आपल्या शहरातल्या क्लबचा लोकरी मफलर ह्यांच्या गळ्यात घालून गेला. जून महिना होता. दुबईचा जून! ह्यांनी तो संध्याकाळपर्यंत काढला नाही म्हणे. त्या इंजिनिअरने मोडक्या हिंदीत सांगितलं होतं, आमचा क्लब एक दिवस युरोपचा कप जिंकणार. ह्यांनी ते मनावर घेतलं.

मी एकदा विचारलं, "काका, क्रिकेट सोडून हे काय?"

"क्रिकेटला सगळी दुनिया हाय. ह्यांना इथे माझ्याशिवाय कोण हाय?"

सामने रात्री उशिरा सुरू व्हायचे आणि पहाटे साडेचारला मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पवरून बस सुटायची. त्यामुळे आमच्या ह्या भक्ताने वर्षानुवर्षं सामना म्हणून कधी पाहिलाच नाही. निकाल यायचा सकाळी, आमच्या मल्याळी टाइमकीपरकडून. तो सामने बघून तीन तास झोपून यायचा आणि हजेरी घेता घेता ओरडायचा, "चाचा, आपका टीम तो बच गया!"

"हलवून बघतो," हे म्हणायचे.

म्हणजे काय, ते मला वही बघितल्यावर कळलं. युरोपातल्या सामन्यांची नोंद ते एका शाळेच्या वहीत ठेवत. टाइमकीपरने सांगितलेला निकाल पेन्सिलने लिहायचा. ऑफिसात इंग्रजी पेपर आला की माझ्याकडून वाचून घ्यायचा. तरीही पेन्सिलच. शाई कधी? तर गावाहून बायकोचं पत्र आलं की. त्यांची मंडळी मराठी पेपरातली बातमी कापून पत्रात घालायची. मग ते कात्रण वहीशेजारी ठेवून हे एकेक आकडा शाईने गिरवायचे. रजेवरून परतणाऱ्या माणसाबरोबर पत्र यायचं, नाहीतर पोस्टाने, दोन-तीन आठवड्यांनी.

"अहो, पण दोन ठिकाणांहून खात्री झाली की," मी म्हटलं.

"ती झाली टाइमकीपरची आणि पेपरवाल्याची. घरचं माणूस बोलल्याशिवाय हिरवी पाटी नाय."

वहीची अवस्था बघून मला राहवेना. मी स्टोअरमधून एक जाड रजिस्टर आणलं, पट्टीने रकाने आखले: तारीख, कोणाशी, कुठे, आपले गोल, त्यांचे गोल, शेरा. ते रजिस्टर त्यांनी आधी दोन्ही हातांनी हलवलं. पानं सुटली नाहीत. मग हसले.

आता मुद्द्याचं. एका रजेत, निघायच्या दिवशी, बायकोने विचारलं होतं, कायमचे कधी येणार? हे म्हणाले, "आमच्यांनी युरोपचा कप घेतला की व्हिसा कॅन्सल. खलास." थट्टा होती. पण ती बाई थट्टा विसरणारी नव्हती. तेव्हापासून ती पेपरचं मागचं, खेळाचं पान वाचायला लागली. कात्रणं तिथूनच सुरू झाली.

आणि एका वर्षी आमचे खरंच अंतिम सामन्यात पोचले. कॅम्पमध्ये ह्यांनी खोका बांधला. दुधाची पावडर, दोन ब्लँकेट, बाम, मुलीला घड्याळ. मी रजेच्या यादीत त्यांच्या नावापुढे पेन्सिलने 'कायमचे' असं लिहिलं. त्यांचीच पद्धत. सकाळी टाइमकीपर आला तो मान खाली घालून. तीन-शून्य. हरवलं तेही स्पेनच्याच दुसऱ्या क्लबने. हे दिवसभर नेहमीसारखे नळ्या हलवत फिरले. संध्याकाळी खोक्याची दोरी सोडली आणि बाम खोलीतल्या पोरांना वाटून टाकला.

पुढच्या वर्षी आमचे पुन्हा अंतिम सामन्यात! पुन्हा खोका, पुन्हा दोरी. ह्या वेळी एक-एक अशी बरोबरी झाली आणि मग पेनल्टीवर जर्मन क्लब जिंकला. ह्यांनी रजिस्टरात लिहिलं: आपले १, त्यांचे १. शेऱ्यात: बरोबरी.

मी पेन पुढे केलं. "काका, हार लिहा. कप ते घेऊन गेले."

"खेळात बरोबरी झाली, ताई. पुढचं म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं. चिठ्ठीत हरला तर त्याला हरला म्हणतात काय?"

"मग कप कुठे आहे?"

"ते कपाला विचारा."

तासभर हुज्जत घातली असेल मी. रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड. घरी येऊन मुलीला कॉम्प्युटरवर शोधायला लावलं, म्हटलं उद्या कागदच पुढे टाकते. तिने शोधलं आणि म्हणाली, "मम्मी, ही इज राइट." पेनल्टीवर गेलेला सामना अधिकृत नोंदीत बरोबरीच धरतात. दुसऱ्या दिवशी मी ते कबूल केलं. त्यांनी माझ्या टेबलाचा कोपरा धरून हलवला आणि मान डोलावली, पास!

घरून मात्र पास मिळालं नाही. कात्रणाबरोबर चार ओळी होत्या, त्या त्यांनी मला हसत वाचून दाखवल्या. 'बरोबरी झाली असे तुम्ही म्हणता. मग अर्धे तरी या.'

मध्ये काही वर्षं गेली. कंपनीला दुबईच्या मरीना भागात टॉवरचं काम मिळालं. तिथे वाळूतून इमारती अशा वर येत होत्या, की सोमवारी दिसलेलं आभाळ गुरुवारी दिसत नसे. ह्यांना ऐकू कमी यायला लागलं, गुडघे बोलायला लागले. रजेची यादी लावताना मी विचारलं की उत्तर ठरलेलं: "त्या पोराचं लग्न हाय, त्याला आधी लावा. आपलं काय, कप आला की जायचंच हाय." मी त्यांचं नाव खाली सरकवायचे. यादी छान जुळायची. माझ्याकडून ते किती वेळा झालं, हे मी तेव्हा मोजलं नाही.

मग आमच्यांनी कप जिंकला.

टाइमकीपर त्या सकाळी बसमधून उतरताच नाचत आला. "चाचा! दो-जीरो! कप आ गया! अभी घर जाओ!" सगळी साइट टाळ्या वाजवत होती. एका पठाण क्रेनवाल्याने वरून भोंगा वाजवला. ह्यांनी हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं, आणि ऑफिसात येऊन खुर्ची न हलवता बसले. मी पाहिलं ते.

"ताई, तो धाकटा कप हाय."

खरं होतं. युरोपात दोन कप असतात, एक थोरला, एक धाकटा. अंतिम सामन्यात दोनदा हुकला तो थोरला. जिंकला तो धाकटा.

"छोटा है तो क्या, कप तो है ना, चाचा," टाइमकीपर दारातून म्हणाला.

"मी थोरल्याचं बोललो होतो," हे म्हणाले. "पाटी लावायची तर पूर्ण लावायची."

मला पहिल्यांदाच संशय आला, की ह्या माणसाला थोरला कप नको आहे. वीसेक वर्षं दुसऱ्यांच्या देशात नळ्या हलवून झाल्यावर स्वतःच्या घराचा उंबरा हलवून बघायची भीती वाटत असेल. घरात आपली जागा आपलं वजन पेलेल का? मी विचारलं नाही. त्यांनी पेन्सिलने निकाल लिहिला आणि कात्रणाची वाट बघू लागले.

दोन आठवडे झाले. तीन झाले. गावाहून दोन माणसं रजा संपवून आली, लोणचं घेऊन आली. कात्रण नाही. हे रोज ऑफिसात डोकवायचे. "पोस्ट?" मी नकारार्थी मान हलवायचे. पाचव्या आठवड्यात त्यांची घालमेल बघवेना. गुरुवारी दुपारी काम लवकर सुटायचं, तेव्हा मी म्हटलं, "बसा. फोन लावू."

त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून स्पीकर चालू केला. पलीकडून कोंबड्यांचा आवाज आला, मग बाईंचा.

"कात्रण कापलंस काय?" ह्यांनी खेकसूनच विचारलं.

"कापलं त्याच दिवशी."

"मग?"

"डब्यात ठेवलंय."

"अगं, पाठव की! ओळ पेन्सिलीत पडलीय!"

"पडू दे. ह्या खेपेला पाठवायची नाय. येऊन बघा."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी टेबलावरच्या याद्या सारख्या करायला घेतल्या.

"तो धाकटा कप हाय गो," हे हळूच म्हणाले. इतक्या हळू, की तिला ऐकू गेलं कसं कोण जाणे.

"धाकटा तर धाकटा. आपलाच ना? थोरल्याची वाट बघत मी म्हातारी झाले. आणि ऐका, पडवीतली ती आरामखुर्ची सुताराकडून नीट करून घेतलीय. घट्ट झालीय म्हणतो तो. मी काय कुणाला बसू दिलेलं नाय. तुम्ही आल्याशिवाय हलवून कोण बघणार?"

फोन ठेवल्यावर ते डोळे न पुसता हसायला लागले, खांदे हलवून हसायला लागले. "ताई, बघितलंत? बाईने मलाच लाल पाटी लावली. कात्रण मिळेपर्यंत काम बंद!"

मी रजेची यादी काढली आणि त्यांचं नाव खालून उचलून सगळ्यात वर लिहिलं. शाईने.

निघायच्या दिवशी ते रजिस्टर घेऊन आले. मी म्हटलं, एक प्रत फाईलसाठी हवी. ते म्हणाले, "इन्शाल्ला, थोरला कप आला तर पुढची पानं तुम्ही लिहा." मी झेरॉक्स काढत बसले आणि तेव्हा कुठे शेऱ्याचा रकाना नीट वाचला. मला वाटलं होतं तिथे सामन्याबद्दल काही असेल. तिथे पत्रातल्या बातम्या होत्या. एका विजयापुढे, 'मुलगी दहावी पास'. तीन-शून्यच्या हारीपुढे, 'कलमे मोहरली'. जर्मन क्लबशी झालेल्या बरोबरीपुढे, 'बरोबरी'च्या खाली बारीक अक्षरात, 'विहिरीला पाणी लागले'. आमच्यांच्या युरोपातल्या कामगिरीची ती वही होती, आणि पान उलटावं तसं त्यांचं घर त्यात एकेक ओळ मोठं होत गेलेलं.

गाडी आली. कॅम्पमधली पोरं खोका उचलायला धावली. मफलर त्यांच्या गळ्यात होता, जुलैत. जाताना त्यांनी माझ्या ऑफिसच्या दाराची चौकट धरून एकदा हलवली. "घट्ट हाय," म्हणाले आणि गेले.

त्यांच्या जागी दुसरा माणूस आला. चांगला होता, नियमाने काम करायचा. खुर्चीवर मात्र सरळ बसायचा.

ती झेरॉक्स अजून माझ्याकडे आहे. फाईलला लावताना लक्षात आलं की मशीनने शाई तेवढी उचलली, पेन्सिल उचलली नाही. शेवटची ओळ कोरी आली आहे. सगळे रकाने आखलेले, आत काही नाही. मला तो निकाल पाठ आहे, लिहायला अर्धं मिनिट पुरेल. पण ते कात्रण गुहागरकडच्या एका डब्यात आहे, आणि ती ओळ शाईने गिरवायचा अधिकार पडवीतल्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचा आहे. माझ्या सगळ्या याद्यांमध्ये एवढी एकच ओळ मी रिकामी ठेवली आहे.