प्रत माहितीस्तव

मेढ्याकडचे एक वयस्क गृहस्थ मागे एकदा माझ्या टेबलासमोर येऊन बसले आणि शेजाऱ्याने बांध कोरल्याची हकिकत सांगू लागले. मी कागद पुढे ओढला, विषय लिहिला, हकिकत मुद्देसूद मांडली आणि शेवटी विचारले, "मागणी काय लिहू?"

"मागणी कसली? सायबास्नी ठावं आसावं, एवढंच."

मी त्यांना समजावून सांगितले की, ज्या कागदात मागणी नाही तो अर्जच नव्हे. तो वाचला जातो आणि दप्तरी दाखल होतो. मागणी केली म्हणजे समोरच्याला हो किंवा नाही म्हणण्याचा अधिकार मिळतो, आणि तो अधिकार देणे हाच अर्जाचा मान आहे. गृहस्थांना ते पटले नाही. पुढे तोच प्रसंग माझ्या घरात माझ्यावर येईल, असे मला तेव्हा कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

सातारच्या कचेरीच्या आवारात मी कित्येक वर्षे अर्ज लिहितो आहे. शिक्षण दहावीपर्यंत, तेही गणितात अडलेले. परंतु माझ्या मसुद्यात खाडाखोड झालेली वकिलांनीही पाहिलेली नाही. माझी एकुलती मुलगी मिरजेला नर्सिंग शिकली, तिथल्याच एका खाजगी दवाखान्यात लागली, आणि एके दिवशी म्हणाली की माल्टाला जाते. हा देश आमच्या आवारात प्रथम मीच नकाशावर शोधून दाखवला. इटलीच्या खाली समुद्रात शाईचा थेंब सांडावा एवढी ती बेटे. आमच्या एका जावळी तालुक्यात सबंध देश बसेल. "दोन वर्षं, आण्णा. मग मिरज नाहीतर सातारा," असे ती म्हणाली. आलेल्या प्रत्येकाला मी सांगतो की, तोंडी शब्दावर विसंबू नका, लेखी घ्या. पण पोटच्या पोरीकडून लेखी कोण घेते?

आठवड्याला तिचा व्हिडिओ फोन येई. दिसायचे तिच्या मागचे पिवळ्या दगडाचे घर, खाली अरुंद गल्ली आणि गल्लीच्या टोकाला निळा चौकोन, म्हणजे समुद्र. बोलणे मात्र महागाईचे. निम्मा पगार भाड्यात जातो. तिघी मुली एका घरात राहतात, आणि हिची खोली एवढी की कपाट उघडायचे तर आधी खाटेवर बसावे लागते. नळाला समुद्राचे गोडे केलेले पाणी येते, त्याचा चहा बेचव होतो, म्हणून प्यायचे पाणी विकत. कोथिंबिरीची जुडी देव्हाऱ्यात फूल वाहावे तेवढी. मी हे सारे मुद्दे मनात नीट क्रमाने लावून ठेवीत होतो. दावा माझ्या बाजूने भक्कम होत चालला होता. ज्या बेटावर माणसाला पाणी आणि कोथिंबीर परवडत नाही, तिथून माणूस परत येणारच.

म्हणून मी घरावर एक खोली चढवली. तिच्यापुरती, स्वतंत्र न्हाणीघर असलेली, खिडकीतून अजिंक्यतारा समोर दिसेल अशी. एका दवाखान्याच्या मालक डॉक्टरांशी तिच्या नोकरीचे बोलूनही ठेवले. कचेरीत तर सर्वांनाच ठाऊक होते की आमची कन्या दिवाळीला कायमची परत येत आहे.

ती आली. सोबत एकच बॅग होती. पुराव्याकडे पाहण्याची मला सवय आहे, तरी त्या बॅगेकडे माझे लक्ष गेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला वर नेले. सुताराला माप कळवायचे होते. "कपाट सहा फुटी सांगू की सात?" मी विचारले. ती खिडकीतून किल्ल्याकडे पाहत उभी राहिली. तेवढ्यात आमच्या सौभाग्यवती चहा घेऊन वर आल्या आणि सहज बोलून गेल्या, "कपाट आनि कशाला? म्हैन्याचीच तर रजा हाय तिची."

रजा हा शब्द मी असंख्य अर्जांत लिहिला आहे. रजा संपली की माणूस आपल्या कामावर रुजू होतो. म्हणजे तिचे काम तिकडे होते आणि रजा इकडे होती. सौभाग्यवतींनी जीभ चावली. पण एकदा आवक नोंदवलेला कागद परत घेता येत नाही.

"दोन वर्षं म्हणाली होतीस," मी म्हणालो.

"म्हनले होते, आण्णा. तवा तसंच वाटत होतं."

मी माझी बाजू मांडली. शांतपणे, एकेक मुद्दा घेऊन.

"निम्मा पगार भाड्यात जातो, हे तूच सांगितलंस ना?"

"जातो की."

"पाणी विकत?"

"व्हय."

"आणि कोथिंबीर?"

"कोथिंबिरीचं नाव काढू नका, आण्णा. रडू येतंय." ती हसली. मी हसलो नाही.

"मग इथं काय कमी आहे? घर आपलं. पाणी कासच्या तळ्याचं. आई गरम भाकरी वाढणार. भाडं नाही. पगार जसाच्या तसा शिल्लक."

तिने चहाचा कप खिडकीत ठेवला. "तिथं महाग हाय, पण परवडतं. इथं स्वस्त हाय, पण मला परवडत न्हाई."

हे वाक्य मला कोणत्याही मसुद्यात बसवता आले नाही. मी म्हणालो, "न परवडण्यासारखं काय आहे?"

मग तिने मिरजेची हकिकत सांगितली. सलाईन बदलायला थोडा उशीर झाला म्हणून पेशंटच्या भावाने सगळ्या वॉर्डासमोर तिच्यावर हात उगारला होता. व्यवस्थापक धावत आला आणि तिलाच म्हणाला, "माफी मागून टाका, सिस्टर, गर्दी जमलीय." तिने माफी मागितली होती. "तिथं तसं कोन बोललं तर त्यालाच भाईर काढत्यात. ड्यूटी आठला सुटली म्हंजे आठला सुटली. मग मी समुद्राच्या कडंनं चालत घरी जाते, कठड्यावर बसून पाव खाते. उशीर का झाला, कोन भेटलं, कायबी कोन इचारत न्हाई. खोली बारकी हाय, पन दार लावलं की कोन उघडत न्हाई."

"इथं कोण उघडतं?"

उत्तर सौभाग्यवतींनी दिले. "आवं, तुमीच की! आज सकाळी पोर झोपली हुती, तर नळाला पानी आलंय म्हनून दार ढकलून सांगाय गेला."

दोघी हसल्या. त्या हसण्यावरून मला कळले की, हे बोलणे दोघींमध्ये आज प्रथम झालेले नाही.

"तुला कधी कळलं?" मी सौभाग्यवतींना विचारले.

"कवाच. गेल्या दिवाळीत."

खोलीचा स्लॅब टाकला तो त्यानंतर, उन्हाळ्याच्या तोंडाला. ही बाई सकाळ-संध्याकाळ स्वतः बादली घेऊन वर चढून स्लॅबवर पाणी मारत होती. ज्या खोलीत मुलगी राहणार नाही हे तिला ठाऊक होते, ती खोली मजबूत व्हावी म्हणून.

"मग मला का बोलली नाहीस?"

"बोलून तुमी थांबनार हुता व्हय? लय खुशीत हुता. मिस्त्रीसंगं हसून बोलत हुता. म्हनलं, हुंद्या. आनि सांगितलं आसतं तर दुसऱ्या दिशी आख्ख्या कचेरीला ठावं झालं आसतं."

"आणि मिरजेचं?"

"ते तर त्याच दिशी कळलं मला. रडत फोन केलावता पोरीनं."

सरकारी पत्राच्या तळाशी एक ओळ असते. मूळ पत्र ज्याला जायचे त्याला जाते, आणि खाली लिहितात, प्रत माहितीस्तव अमुक यांना. मूळ पत्र सौभाग्यवतींना वर्षभरापूर्वीच पोचले होते. मी बाप, माझ्याकडे प्रत आली, तीही चुकून, चहाच्या कपासोबत. मुलगी गेली याचे दुःख एक वेळ सोसता येईल. परंतु तिने मला विचारले नाही. "आण्णा, मी तिकडेच राहू का?" एवढे तिने विचारले असते तर मी नाही म्हणालो असतो, रागावलो असतो, आणि कदाचित शेवटी हो म्हणालो असतो. तिने माझ्याकडे मागणीच केली नाही. माझ्या घरात माझे नाव फक्त माहितीसाठी घेतले गेले.

डॉक्टरांकडे जाऊन मी दिलेला शब्द मागे घेतला. कचेरीतल्या मुद्रांकवाल्याने नेमके चार माणसांत विचारले, "काय रं, आली का पोरगी कायमची?"

"रजेवर आहे."

"आनि वरचा मजला?" मी दोन कागदांमध्ये कार्बन पेपर घातला. "मग लॉजिंग काढ की गड्या त्यात! पाटी मी रंगवून देतो."

सगळे हसले. वर्षभर त्यांना ती बातमी मीच ऐकवली होती, त्यामुळे हसण्याचा त्यांना हक्क होता. मी कार्बन नीट करीत राहिलो.

महिना त्या दोघींनी फार आनंदात काढला. मी जेवायला वेळेवर बसत होतो आणि विचारले तेवढे बोलत होतो. मुलगी वरच्या खोलीतच झोपली. जाण्याच्या दिवशी मुंबईच्या गाडीसाठी मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. बॅग गाडीत चढवली. खाली उतरून ती माझ्यापाशी आली.

"आण्णा, एक मागू?"

माझी पाठ आपोआप ताठ झाली. "माग."

"ती खोली रिकामी ठेवू नका. नर्सिंगच्या पोरी खोल्या शोधत फिरत्यात. चांगल्या दोघी बघा आन् त्यांना द्या." गाडीने भोंगा वाजवला. ती पायरीवर चढली आणि मागे वळून म्हणाली, "आन् दाराला आतनं कडी न्हाई. तेवढी बसवा."

सबंध महिन्यात तिने माझ्याकडे केलेली मागणी ती एवढीच.

कडी मी दुसऱ्या दिवशी सुताराकडून बसवून घेतली. जाड, पितळी, घट्ट बसणारी. नंतर दोनदा मुली खोली विचारायला आल्या. सौभाग्यवतींनी त्यांना चहा पाजला आणि माझ्याकडे पाहिले. मी पेपर वाचत राहिलो. तिची मागणी मी अंशतः मान्य केली आहे. खोलीबाबतचा निर्णय अजून राखून ठेवला आहे.