आलोच येईपर्यंत

वॉर्डात नर्सबाईंना सगळे घड्याळबाई म्हणत, आणि ते त्यांना मनापासून आवडे. भिंतीवरचं घड्याळ मागे पडेल, पण बाईंचं इंजेक्शन वेळेवर म्हणजे वेळेवर. बाईंच्या सासूबाईंच्या रक्तात जंतू शिरले तेव्हा त्यांना याच वॉर्डात आणलं. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मास्तर होते, ताप काही केल्या उतरत नसलेले. सासूबाई त्यांना ऐकवत, "माझी सून! घरी चहा वेळेवर देत नाही, इथे सुई मात्र चुकवत नाही."

औषध जालीम. कमी पडलं तर जंतू माजणार, जास्त झालं तर किडनी आणि कान निकामी होणार. म्हणून पुढच्या डोसाच्या जरा आधी रक्त घ्यायचं, आधीचं औषध अंगात किती उरलंय ते बघायचं. रक्त घेणाऱ्याचं नावच पडलं होतं 'आलोच'. फोनवर "आलोच!" म्हणायचा आणि सावकाश उगवायचा. त्याच्यासाठी घड्याळबाईंनी थांबायचं? छे! त्या टोचून मोकळ्या. हा मागाहून रक्त घेई आणि नळीवर वेळ मात्र ठरलेलीच टाकी. कागदावर दोघंही चोख.

सासूबाईंचा रिपोर्ट आला: औषध भलतंच जास्त. डॉक्टर धावत आले. "आजी, नीट ऐकू येतंय ना?" आजींनी छताकडे पाहिलं. नावडते प्रश्न त्यांना घरीही ऐकू येत नसत. डॉक्टरांनी घाबरून डोस निम्मा केला.

दुसऱ्या दिवशी ताप भडकला. सासूबाई बोलायच्याच थांबल्या, तेव्हा सुनेच्या मनात आलं, ही म्हातारी गेली तर भांडायचं कुणाशी? डोस टोचून ती वळली, तर आलोच नळी घेऊन हजर.

"उशीर झाला का?"

"नेहमीचाच," ती म्हणाली आणि जागीच थबकली. हा मोजणार होता ते उरलेलं औषध नव्हतंच. ते तिनं आत्ताच टोचलेलं होतं.

तिनं डॉक्टरांना गाठून सगळं सांगितलं. डोस पूर्ववत झाला. हळूहळू ताप उतरला, तोंड सुरू झालं.

"वेळ टळली की गं! विसरलीस?"

"थांबलेय, आई. आधी रक्त, मग सुई."

"अगंबाई! तुला थांबताही येतं?"

ती हसली आणि तिची नजर शेजारी गेली. मास्तरांनाही तेच औषध चालू होतं आणि त्यांचा डोसही मागे असाच निम्मा झाला होता. त्यांच्या उशाशी कुणाचीच सून नव्हती. हातातला ट्रे ठेवून घड्याळबाई पुन्हा डॉक्टरांच्या खोलीकडे निघाल्या.