ताप आला तरी सांगू नका

करोनाची लस आली तेव्हा शाळेत पोरं येत नव्हती, पण आम्हा शिक्षकांना सुट्टी नव्हती. परभणी जिल्ह्यात, चुडाव्यापासून आत असलेल्या आमच्या गावात घरोघर फिरून लोकांना लसीसाठी तयार करायचं काम आमच्या गळ्यात पडलं. पोरांना भागाकार शिकवणं परवडतं. पोराला समजलं नाही तर ते गप्प तरी बसतं. इथं प्रत्येकाला माझ्या आधीच सगळं समजलेलं होतं. कुणाच्या मोबाइलवर आलं होतं की लस घेतली की दोन वर्षांत माणूस जातो. कुणी सांगे, सुई दिलेल्या दंडाला चमचा चिकटतो. एका शेतकऱ्यानं मला भर उन्हात बांधावर उभं करून विचारलं, "मॅडम, फुकट कामून द्यायलंय सरकार? खतावर तर एक पैसा सोडत न्हाई." याला काय उत्तर द्यायचं, ते कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

माझ्यासोबत गावातल्या आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याच्या आशा सेविका असत. त्या सरळ सांगायच्या की दंड दुखतो, ताप येऊ शकतो, एक-दोन दिवसांत उतरतो. हे आमच्या मुख्याध्यापकांच्या कानावर गेलं. त्यांनी आम्हा दोघींना बोलावून घेतलं. "तापाचं नावच काढू नका. काहीच होत नाही म्हणायचं," ते म्हणाले. मग आम्ही तसं म्हणत फिरलो. आशाताईंना ते पटलं नव्हतं, मलाही नव्हतं, पण मुख्याध्यापकांशी वाद घालण्यात माझी अर्धी नोकरी गेलेली आहे आणि एकदाही मी जिंकलेली नाही.

शाळेत शिबिर ठरलं, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी आरोग्य केंद्रात जाऊन माझी लस घेऊन आले. दुपारपर्यंत ठीक होतं. भाकरी थापता थापता थंडी वाजायला लागली. तव्यासमोर बसून मी कुडकुडत होते. तेवढ्यात मुख्याध्यापकांचा फोन आला.

"मॅडम, कशी आहे तब्येत?"

"कणकण आहे सर."

"ताप आला तरी सांगू नका. सगळं गाव तुमच्याकडं बघायलंय. असं करा, जरा दारात बसा. लोकांना दिसा."

मी केस विंचरले, बरी साडी नेसले आणि सुपात तांदूळ घेऊन ओसरीवर बसले. अंग ठेचल्यासारखं दुखत होतं. तांदळातला खडा कुठला आणि दाणा कुठला, ते दिसत नव्हतं. पण जाणाऱ्या-येणाऱ्याकडं बघून मी हसत होते.

मला माहीत नव्हतं ते एवढंच, की आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, मघाशी हातपंपावर जाऊन आल्या होत्या. तिथं त्यांनी सांगून टाकलं होतं, "सुनंला लय ताप चढलाय. डोळे लाल झालेत."

मग माणसं यायला लागली. आजारी माणसाला भेटायला येतात तशी, बिस्किटाचे पुडे घेऊन. विहाराच्या बाजूचे एक म्हातारे काठी टेकत आले, जयभीम घातला, समोर बसले आणि माझ्याकडं बघत राहिले. दोन बायका आपसात कुजबुजल्या की मालकांना बोलावून घ्यावं. माझे मालक सेलूला जिनिंगमध्ये हिशेबाला असतात, रविवारीच घरी येतात. थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला.

"तू शुद्धीवर आहेस ना?" आवाज घाबरलेला होता.

"मी तांदूळ निवडतेय."

"मला तर सांगितलं की तू पडलीस."

"कुणी सांगितलं?"

"गावातून चार जणांनी."

मी आत्यांकडं बघितलं. त्या आलेल्यांसाठी चहा टाकत होत्या आणि त्यांचा चेहरा मोठा समाधानाचा होता.

शेवटी शेजारच्या काकू आल्या. त्यांची थोडी कोरडवाहू जमीन आहे, नवरा-बायको दोघंच राबतात. लस घ्या म्हणून सांगायला मी त्यांच्या घरी दोनदा गेले होते, दोन्ही वेळा त्यांनी हो-हो म्हणून परत पाठवलं होतं. त्यांनी सूप बाजूला सरकवलं आणि सरळ माझ्या कपाळावर हात ठेवला.

"मॅडम, तुमी तर भाजायल्यात. काहीच व्हत न्हाई म्हणल्या व्हत्या ना?"

तेव्हा माझा बांध फुटला. "हो, ताप आहे," मी म्हणाले. "हाडं दुखतायत. हा हात वर होत नाही. गोळी घेतलीय, उद्या-परवा उतरेल. आणि आता मला आत जाऊन पडू द्या, बाई."

मी सगळ्यांसमोर उठून आत गेले आणि गोधडी डोक्यावरून ओढली. शिबिर बुडालं, मुख्याध्यापक मला सोडणार नाहीत, एवढंच डोक्यात होतं. आत्या येऊन कपाळावर ओल्या फडक्याच्या पट्ट्या ठेवायला लागल्या. पट्टी बदलताना दर वेळी म्हणायच्या, "मी म्हणले व्हते, नको घेऊ." त्या असं कधीच म्हणाल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाम येऊन ताप उतरला. हात मात्र जड होता. मी शाळेत गेले तर वर्गात सिस्टरबाई, बर्फाचा डबा आणि रिकाम्या खुर्च्या. मुख्याध्यापक माझ्याशी बोलले नाहीत. फाटकापाशी माणसं होती, पण आत कुणी येत नव्हतं. सगळे मला चालताना बघत होते.

शेजारच्या काकू पुढं आल्या. "उतरला का?"

"उतरला."

"दंड?"

"दुखतोय अजून."

"मग ठीक हाय," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याला हाक मारून खुर्चीवर जाऊन बसल्या. सुई झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "तुमी काहीच व्हत न्हाई म्हणत व्हत्या तवाच शक येत व्हता. आता डोळ्यानं बघितलं, काय व्हतंय अन् काय न्हाई."

त्यांच्या मागं आणखी काही जण आले. सगळं गाव आलं नाही, बांधावरचा तो खताचं विचारणारा शेतकरी तर नाहीच. पण खुर्च्या रिकाम्या राहिल्या नाहीत. संध्याकाळी मुख्याध्यापक हात चोळत म्हणाले, "बघा मॅडम, तुम्ही दारात बसलात त्याचा परिणाम." मी एका हातानं खुर्च्या रचत राहिले. वाद घालायला अंगात जोर नव्हता.

आत्यांनी पुढं पुष्कळ दिवसांनी लस घेतली, तीही लेकीच्या गावाला जायचं होतं आणि तिनं हट्ट धरला म्हणून. तेव्हापासून आमच्या घरात जे दुखतं ते लसीनं दुखतं. गुडघे, टाच, पाठ, डोळ्यांतलं पाणी. मी एकदा आठवण करून दिली की गुडघे तर माझ्या लग्नातही दुखत होते, मांडवात त्या खुर्चीवर बसून होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "तवाचं दुखणं येगळं. आता लसीचे दुखायलेत."

यंदा थंडीच्या आधी त्यांना दम्यासाठी परभणीला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, फ्लूची लस दर वर्षी घेत जा, या वयात छातीला फ्लू झेपत नाही. आत्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच डॉक्टरांना शिकवून ठेवलं होतं. तासभर वाद झाला, दवाखान्यात, सगळ्यांसमोर. या वेळी मी काहीच झाकलं नाही. हात दुखेल, कदाचित अंग मोडून येईल, म्हणून सांगितलं. अखेर त्यांनी दंड पुढं केला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

घरी येऊन त्यांनी अंथरूण टाकून घेतलं, उशाला पाण्याचा तांब्या ठेवला आणि वाट बघत पडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी उठून बसल्या. ताप नाही, कणकण नाही, दंडसुद्धा दुखेना.

"ही सुई खरी व्हती का?" त्यांनी मला विचारलं.

"खरी होती, आत्या."

"मग मला काहीच कसं व्हईना? इचार त्यान्ला."

मला खरंच दवाखान्यात फोन लावायला लावला. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, कुणाला त्रास होतो, कुणाला होत नाही, दोन्ही ठीकच. मी फोन त्यांच्या कानाशी धरून ते ऐकवलं. त्यांचं समाधान झालं नाही.

"पुढल्या साली दुसऱ्या डॉक्टरकडं घेऊ," त्या म्हणाल्या आणि अंथरूण गुंडाळायला लागल्या.