मला मराठी येत नाही

अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या ज्या हॉस्पिटलात मी नर्स आहे, तिथं मला मराठी येतं हे मी वर्षानुवर्षं लपवलं. का लपवलं, आणि त्यापायी काय करून बसलो, हे कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

हार्टचं ऑपरेशन झालेले एक रिटायर्ड इंजिनियर काका होते. हात थरथरायचे. काकूंनी घरून वरणभात आणलेला, तो मी भरवत होतो. माझं मराठी ऐकून काकू खुलल्या.

"अगं बाई, आपलाच मुलगा निघाला की! आडनाव काय रे तुझं?"

सांगितलं.

काकू थबकल्या. "हं. ठेवा तो चमचा. तुम्ही नका त्रास घेऊ."

'तू'चा 'तुम्ही' झाला. मान वाढला नव्हता. त्यांनी चमचा सिंकमध्ये खसखसून घासला. मग काय वाटलं कोण जाणे, भात डब्यासकट कचऱ्यात टाकला. माझ्यासमोर. संध्याकाळी फिलिपिनो नर्सच्या हातची जेली काकांनी मुकाट खाल्ली.

मॅनेजर म्हणाली, फॅमिलीला दुसरा नर्स हवाय, कम्फर्टसाठी. यू ओके?

मी म्हणालो, "शुअर."

त्या दिवसापासून वॉर्डात मराठी बंद. बोललं की आडनाव विचारतात. आडनाव सांगितलं की चमचा जातो. त्यापेक्षा न बोललेलं बरं. कुणी विचारलंच तर म्हणायचो, मी हिंदीवाला.

मग मावशी आल्या. लातूरकडच्या. मुलगा इथं युनिव्हर्सिटीत रिसर्च करतो, त्याच्या बाळंतीण बायकोसाठी आलेल्या. इथं आल्यावर त्यांच्याच पोटात कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. उपाय संपले होते. दुखू द्यायचं नाही, स्वच्छ ठेवायचं, जवळ बसायचं, एवढंच हातात. ते मी जीव लावून केलं. इंटरप्रीटर स्क्रीनवर यायची, पण मावशी तिच्याशी बोलायच्याच नाहीत.

"या टीव्हीतल्या बाईला काय सांगू माझं दुखणं? तिला काय वास येतोय का माझा?"

माझ्याशी मात्र बोलायच्या. मी इंग्रजीत, त्या मराठीत. मी त्यांची कूस बदलताना मुलाला म्हणाल्या, "थोबाड बग कसं एरंडेल पिल्यावानी. पन हात लई मऊ हायेत रं याचे. लेकरंबाळं हायेत का इचार त्याला."

मुलाने हसत इंग्रजीत विचारलं. मी इंग्रजीत उत्तर दिलं. कळलं नसल्यासारखा चेहरा ठेवून.

मुलगा घरी निघाला की त्या उशीवरून हात उचलून म्हणायच्या, "जय भीम, बाळा."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सलाईनची नळी सारखी करायच्या निमित्ताने मी पाठ फिरवली. माझीच माणसं. इथं चमचा जाणार नव्हता. तरी बोललो नाही. आता बोललो तर इतके दिवस सगळं ऐकून गप्प होतो हे कळेल, याची लाज वाटली. उद्या बोलू म्हटलं.

एका दुपारी मुलगा बायको-बाळाला आणायला गेला, आणि मावशींचा श्वास बदलला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"माझ्या लेकाला सांग, मी भेले न्हाई. आन् सुनंला म्हनावं, रडून दूध आटवू नगं. सांगशील ना, बाबा?"

"सांगतो, मावशी." एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "आय ॲम हिअर."

त्या बघत राहिल्या. मग हात सोडला. "तुला कळंना, लेकरा. ऱ्हाऊ दे."

मुलगा आला तेव्हा सगळं संपलं होतं. त्याने विचारलं, डिड शी से एनीथिंग?

मी म्हणालो, काहीतरी म्हणाल्या. मला समजलं नाही.

माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यानेच माझी समजूत काढली. "इट्स ओके. यू टुक सच गुड केअर ऑफ हर."

काकूंनी माझ्या हातातला चमचा काढून घेतला होता. जीभ कुणी मागितली नव्हती. ती मीच कापून दिली. आणि तिची किंमत मोजली एका मरणाऱ्या बाईनं, जिला माझ्या हातांचं कौतुक होतं.

आता मराठी पेशंटच्या खोलीत शिरलो की आधी आडनावासकट नाव सांगतो. मराठीत. ज्याला चालत नाही त्याने माझ्या तोंडावर सांगावं. मध्यंतरी एका घरानं पुन्हा 'कम्फर्ट'साठी दुसरा नर्स मागितला. मी मॅनेजरला खुर्चीत बसवून ही जात काय चीज असते ते सांगितलं, आणि म्हटलं, "मी हटणार नाही." मी हटलो नाही.

पण हे सोपं होतं. मावशींचा मुलगा याच गावात राहतो. परवा बसमध्ये दिसला, कडेवर ते बाळ, आता चालायच्या वयाचं. मी मागच्या दाराने उतरलो.

मी त्याच्या घरी जाणार आहे. तो अंगावर येईल, दार लावेल, काहीही करेल. त्याचा तो हक्क आहे. माफी मागायला मी जात नाही.

त्याच्या आईचा निरोप अजून माझ्याकडे आहे. तो मी त्याला देणं लागतो.