राखणदार हा शब्द कोणाचा

गेल्या महिन्यात एका सकाळी फोन वाजला. उचलला, तर पलीकडून कोणी बोलेना. मी हसले आणि म्हटलं, "बोल रे गजा, मीच आहे." ही गजाची जुनी खोड. फोन स्वतः लावायचा आणि समोरच्याची ओळख पटेपर्यंत तोंड उघडायचं नाही. चुकीचा नंबर लागला तर आपला आवाज फुकट कशाला द्या, असं त्याचं म्हणणं. पण त्या दिवशी ती शांतता लांबली... आणि मग त्याच्या बायकोचा, मंदावहिनींचा, फुटलेला आवाज आला, "सुलभाताई, हे गेले हो." आपण मघाशी हसलो होतो, याची मला अजून लाज वाटते.

गजाचं नाव तुम्ही ऐकलं नसेल. तो पडद्यामागचा, आवाज देणारा माणूस. मूळचा मालवणकडचा. गिरणीत होता, गिरणी बंद पडली, आणि कामगारांच्या नाटकांत कमावलेला आवाज तेवढा हातात राहिला. स्वभाव म्हणाल तर पराकोटीचा संशयी. चहा आला की आधी कपात डोकावणार, कोणी कौतुक केलं की "ह्याका माझ्याकडसून काय व्हया?" म्हणून मला बाजूला घेऊन विचारणार. मुलुंडच्या त्याच्या घराच्या दाराला तीन कड्या होत्या. बेल वाजवली की आतून प्रश्न यायचा, "कोण?" नुसतं 'मी' म्हटलेलं चालायचं नाही. "मी तर सगळेच असतात. नाव सांगा, खयसून इलात ता सांगा." दोन्ही सांगितल्यावर एकेक कडी निघायची. मी त्याला यावरून खूप छळलं आहे. पण आमच्या दोघांत खरा संशयी कोण होता, ते मला आत्ता आत्ता कळलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घरोघरी व्हिडिओ येऊ लागले होते आणि अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात आमच्या शेठनी स्टुडिओ थाटला होता. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या. शेजारच्या गाळ्यात पत्रा ठोकायचं मशीन, त्यामुळे तिथली माणसं जेवायला बसली की तेवढ्या अर्ध्या तासात आमचं रेकॉर्डिंग. सगळं जग दुपारी जेवायचं तेव्हा आम्ही उपाशीपोटी माईकसमोर ओरडायचो. अशात एका पार्टीने जपानी कार्टूनची मालिका मराठी करायला आणली. माझा नातू आता त्याला ॲनिमे म्हणतो आणि मी कार्टून म्हटलं की कपाळाला हात लावतो. पोलादी पंखांचा एक कोवळा पोरगा शहराला वाचवत फिरतो, अशी ती गोष्ट. संवाद लिहायचं काम माझ्याकडे. जपानी आम्हा कोणालाच येत नव्हतं. प्रत्येक भागासोबत इंग्रजीत टाइप केलेला एक कागद यायचा, त्यात चार ओळींचा सारांश. बाकी चित्र बघून मी लिहीन ते संवाद.

आठव्या भागात एक नवीनच माणूस आला. काळा लांब कोट, तोंडावर फडकं, बुटांना साखळ्या. चोर पळतायत, पंखवाला पोरगा त्यांना पकडून पोलिसांकडे द्यायला निघालाय, तेवढ्यात हा काळोखातून खळखळत येतो, मोठ्याने हसतो आणि चोरांना तिथेच लोळवतो. पोरगा बघतच राहतो. हा आपला की परका, हे त्यालाही कळेना आणि आम्हालाही. कागदावर त्या माणसासाठी एकच शब्द होता, व्हिजिलांटी. माझ्या छोट्या डिक्शनरीत तो नव्हताच, त्याच्या जवळचा 'व्हिजिलंट' होता. अर्थ, दक्ष, जागरूक. झालं. दक्ष राहतो तो राखणदार, असं म्हणत मी मोठ्या ऐटीत लिहून टाकलं.

गजाने तो शब्द वाचला आणि खुर्चीत सरळ बसला. "राखणदार? गो सुलभा, खराच?" त्याच्या गावी राखणदार म्हणजे शिवेवर फिरणारी, गाव राखणारी शक्ती. त्याची आई दरवर्षी राखणदाराच्या नावाने कातडी वहाणा ठेवायची आणि रात्री साखळ्या वाजवत फिरताना त्या त्याच्या पायात झिजतात, अशी गावाची श्रद्धा. गजाने टेप पुन्हा लावायला सांगितली. साखळ्यांचा आवाज ऐकला आणि मान हलवली. "चालता तर तसोच. पण हो हसता कित्याक? राखणदार हसणा नाय. आणि इचारल्याशिवाय कोणाक हात लावणा नाय." मी म्हटलं, "अरे यार, कार्टून आहे ते, हस आणि मोकळा हो." पण तो ऐकेना. माझ्याकडे, कागदाकडे, पडद्याकडे आळीपाळीने संशयाने बघत राहिला. त्या माणसाच्या तोंडावर फडकं होतं, म्हणजे ओठ जुळवायची भानगड नव्हती. शेवटी हसण्याच्या जागी गजाने हलक्या, थंड आवाजात तीन प्रश्न टाकले. "कोण तू? कुठून आलास? कोणाला विचारून आलास?" गोधड्यांच्या त्या खोलीत माझ्या अंगावर काटा आला. कॅसेट बाहेर पडल्यावर बोरिवलीला आमच्या बिल्डिंगमधली पोरं जिन्यात एकमेकांना अडवून हेच विचारू लागली.

दोन आठवड्यांनी मी स्टुडिओत पोचले तर गजा शेठच्या केबिनमधून बाहेर येत होता. माझ्याकडे न बघता गेला. लगेच मला आत बोलावणं. शेठ म्हणाले, "त्या शब्दाचा अर्थ राखणदार नाही, कायदा हातात घेणारा गुंड. यापुढे तुमचा प्रत्येक कागद आधी मला दाखवायचा." मी एवढ्यावर सुटले. मला तेव्हा ते काम जिवापाड हवं होतं, आणि डिक्शनरीचं ते पान मी फक्त एका माणसाला दाखवलं होतं, गजाला. पुढच्या आठवड्यापासून राखणदाराला दुसराच आवाज. गजा आलाच नाही. मी मनाशी पक्कं केलं, यानेच चुगली केली आणि आता तोंड दाखवायची लाज वाटतेय.

पुढे इतर स्टुडिओंत भेटत राहिलो, एकमेकांच्या घरच्या लग्नकार्यांना गेलो. बोलणं तुटलं नाही, पण मोकळंही राहिलं नाही. एखादा शब्द अडला तर मी त्याला कधीच विचारलं नाही. त्याने तीन कड्या दाराला लावल्या होत्या, मी एक मनाला लावली आणि चाळीस वर्षं काढली नाही.

तेराव्याला मुलुंडला गेले तेव्हा मंदावहिनी सहज बोलल्या, "त्या तुमच्या राखणदारापायी यांचं काम गेलं बघा तेव्हा. वर्षभर घरी बसले." मी म्हटलं, "कसलं काम गेलं?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक नाही? पार्टीच्या माणसाने कॅसेट बघून भांडण काढलं. शेठनी यांना विचारलं, शब्द कोणाचा? तर हे म्हणाले, माझा. सुलभाने बरोबर लिहिलं होतं, मी बदललं." मी म्हटलं, "मग मला कधी का नाही सांगितलं?" वहिनी रडता रडता हसल्या. "मी म्हणायचे ना, सांगा तिला. तर म्हणायचे, नको. उपकार करून ह्याका काय व्हया, असो संशय येयत तिका." ... मला तिथे धड रडताही आलं नाही. गिरणी आधीच गेली होती, माझं काम वाचवायला त्याने उरलेला आवाजही दिला होता, आणि मी त्याला चुगलखोर ठरवून बसले होते.

परवा पुन्हा गेले. दाराबाहेर गजाच्या कातडी वहाणा तशाच होत्या. बाई एकटी आहे हे कोणाला कळू नये म्हणून वहिनी त्या आत घेत नाहीत. मी बेल वाजवली. आतून प्रश्न आला नाही, दार लगेच उघडलं. मला ते सहन झालं नाही. म्हटलं, "वहिनी, असं नका उघडू. लावा बघू पुन्हा, आणि विचारा." त्यांनी दार लावलं. एक, दोन, तीन कड्या सरकल्याचं ऐकू आलं. मग आतून बारीक आवाज आला, "कोण?"

मी वहाणांकडे बघत होते. म्हटलं, "मी सुलभा. बोरिवलीहून आले. तो शब्द माझा होता."

आतली पहिली कडी निघाली.