स्वेच्छेने सोडलेला दुसरा नंबर

"आडनाव काय म्हणालात?"

प्रवेशाच्या खिडकीतल्या बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं. यादी त्यांच्यासमोर होती, नाव छापलेलं होतं. तरी विचारलं. मी सांगितलं. मग माझ्याकडे न बघता त्यांनी बाबांपुढे एक कागद सरकवला.

"अहो, तुम्हाला सरकारचं मिळतंच की. इथलं तरी मेरिटवाल्या मुलांसाठी राहू द्या."

मी दुसऱ्या नंबरवर होते. मेरिटच्याच यादीत.

पुण्यातलं एक मोठं खासगी विद्यापीठ. पहिल्या वर्षाला येणाऱ्यांसाठी गुणवत्ता शिष्यवृत्ती. बारावीचे गुण आणि त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा, दोन्ही मिळून यादी लागते. पहिल्या पाचांना चारही वर्षं फी माफ. दरवर्षी ठरावीक गुण टिकवायचे, एवढीच अट. जात कुठेच नव्हती. म्हणजे माहितीपुस्तकात नव्हती. खिडकीत होती.

फी भरायची आमची ऐपत नव्हती. शिष्यवृत्ती गेली की प्रवेश गेला, इतकं सरळ.

कागदावर छापलं होतं, 'मी स्वेच्छेने गुणवत्ता शिष्यवृत्तीवरील हक्क सोडत आहे.' नावाची जागा कोरी. अक्षरं पुसट, म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. माझ्याआधी किती जणांची स्वेच्छा त्या मशीनमधून निघाली असेल, देव जाणे.

बाबा हिंजवडीला कंपनीची बस चालवतात. मूळचे अकोल्याकडचे. कुणी 'अहो' म्हटलं की त्यांना मान मिळाल्यासारखं वाटतं. त्यांनी पालकाच्या रेघेवर सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं.

"करून टाक पोरी. मोठ्या लोकाइशी झगडा कायले?"

मागे एक बाई मुलाला घेऊन उभ्या होत्या. मुलगा यादीत सहावा. त्यांना ऑफिसातून आधीच फोन गेला होता. हळू आवाजात म्हणाल्या, "थांब रे, ह्यांनी सोडलं की आपलाच नंबर."

मी शूर वगैरे नव्हते. सही करणारच होते. पेन टेकवलंही होतं. तेवढ्यात खिडकीच्या काचेवर चिकटवलेली नोटीस दिसली. 'या विद्यापीठात शासकीय शुल्कसवलत योजना लागू नाही.' खाली त्यांचाच शिक्का. बाईंच्या डोक्याच्या बरोबर वर.

"मॅडम, सरकारचं इथे मिळतच नाही. वर लिहिलंय."

त्यांनी मान वर केली नाही. "वाचता येतं, छान. मग सहीपण येत असेलच."

रांग हसली. बाबाही हसले. कसनुसं. रांगेचं हसणं मी विसरले. बाबांचं अजून पचलेलं नाही.

मी पेन ठेवलं. "मी सोडत नाहीये. तुम्ही काढून घेताय. तसं लिहून द्या."

लिहून कोण देतं? तासाभराने नवी यादी लागली. माझ्या नावापुढे 'कागदपत्रे अपूर्ण'. सहावा पाचवा झाला.

परतताना स्वारगेटला बाबा म्हणाले, "माही सही झालीच होती ना पोरी. तेवढ्यानंच त्याइचं काम झालं का?" नाही म्हटलं मी. खरं काय ते मलाही माहीत नाही.

मी दुसऱ्या कॉलेजात गेले. दुसरा विषय घेतला. तेव्हापासून दर जून-जुलैत त्या विद्यापीठाच्या गेटबाहेर 'हक्क सोडू नका, सही करू नका' अशी पत्रकं वाटते. निवेदनं दिली, पोचपावत्या फाइलमध्ये आहेत. पोरं पत्रक घेतात, त्यावर वडापाव ठेवून खातात. आतला एक साहेब दरवेळी तेच म्हणतो, "ताई, फॉर्म ऐच्छिक आहे. तुम्ही उगाच तापता." आता तापतही नाही. दमलेय. खरंच दमलेय.

पण एक कळलंय. पत्रक गेटवर वाटलं जातं आणि हक्क खिडकीत जातो. त्या दोन मिनिटांत शेजारी कुणी नसतं.

यंदा यादी लागेल तेव्हा मी गेटवर नसेन. खिडकीशी असेन. ज्या पोरीच्या बापापुढे तो कागद सरकेल, त्या बापाच्या हातातलं पेन आधी काढून घेईन. वॉचमन मला बाहेर काढेल.

मी परत आत जाईन.